भासऱ्यांच्या भिंतीमागची कर्दळ आणि छत्रीचं गवत

आमचं घर आणि माझ्या मोठ्या जावेचं घर यांच्या मध्ये सात-आठ हात रुंद जागेचा पट्टा आहे. त्या पट्ट्यात काय लावायचं यावरून आमच्यात तीन-चार महिने कुरकुर चालली. जाऊ म्हणे कर्दळ लाव, सून म्हणे छत्रीचं गवत लावा. ऐकणाऱ्याला वाटेल या बायकांना दुसरं काम नाही. पण पट्ट्याला लागून जावेची मातीची भिंत होती, आणि भिंतीच्या आत माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, खाटेवर पडून होते. लकव्याने त्यांची उजवी बाजू गेली होती. भिंत पडली असती तर त्यांना उठता आलं नसतं. आणि ती भिंत ओली होत होती माझ्या घरच्या पाण्याने.

आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यात, मूलच्या बाजूचं. गावाभोवती धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, आणि त्यापुढे जंगल. पूर्वी आम्ही बोअरिंगवरून पाणी डोक्यावर आणायचो. डोक्यावरचं पाणी माणूस जपून वापरतो. मग घरकुल योजनेत आमचं पक्कं घर झालं, मागे न्हाणी झाली आणि नळ आला. नळाचं पाणी कोणी जपत नाही. मीही जपलं नाही. गवंड्याने न्हाणीचं पाणी मागे काढून दिलं, आणि मागचा उतार होता जावेकडे. वर्षभर कोणाच्या ध्यानात आलं नाही.

संक्रांत झाल्यावर एक दिवस जाऊ आली आणि माझा हात धरून मला मागे घेऊन गेली. भिंतीला तिने अंगठा दाबला. अंगठा आत गेला.

"हे पाय. तुह्या न्हाणीचं पाणी माह्या घरात येऊन राह्यलं."

"आतूनबी ओल हाय का, बाई?"

"आतून त कमरेपर्यंत चढली. पाऊस आला का बसलीच खाली."

"मग खाट हलवा ना दुसऱ्या बाजूले."

"हलवली होती. दोन दिवस जेवलेच नाई. म्हणते, खिडकी याच भिंतीले हाय, मले इथीच पडू दे. आता तूच सांग जाऊन त्यायले."

हे ती मुद्दाम बोलली. मी जाऊन सांगू शकत नव्हते हे तिला माहीत होतं. आमच्याकडे धाकट्या भावाची बायको भासऱ्यांसमोर जात नाही. समोर आले तर पदर घेऊन बाजूला होते. त्यांच्याशी बोलत नाही, त्यांच्या खाटेला हात लावत नाही. आमच्या सासऱ्यांनी धम्म घेतला, घरातले देव विसर्जन केले, जुन्या पुष्कळ गोष्टी सोडल्या. हा पदर मात्र राहिला. कोणी सोडा म्हटलं नाही, म्हणून आम्ही सोडला नाही. चाळीसहून जास्त वर्षं मी त्या घरात जाऊन चुलीशी बसत होते, पण भासऱ्यांच्या खोलीचा उंबरठा ओलांडला नव्हता. म्हणून आतली ओल किती, हे मला जावेच्या तोंडूनच कळणार होतं. आणि माझी जाऊ पावशेराचा शेर करून सांगणारी आहे.

मुलगा मूलला राइस मिलमध्ये कामाला जातो. त्याने दोन सुट्ट्या लावून न्हाणीजवळ शोषखड्डा खणला. खड्ड्यात दगड-विटांचे तुकडे भरले आणि तिथून पट्ट्याच्या लांबीने एक उथळ चर काढला. आमची माती चिकट आहे, नुसता खड्डा पाणी पीत नाही, भरून वर येतो. ग्रामपंचायतीत सांगितलं की चराच्या कडेने पाणी पिणारी झाडं लावा. केळ लावली असती, पण गावात माकडं इतकी आहेत की घड तर सोडा, पानही राहत नाही.

जाऊ म्हणाली कर्दळ. तिच्या अंगणात वळचणीखाली लाल कर्दळीचा ताटवा होता. "पाणी बी पिते, फूल बी देते. विहारात वंदनेले फुलं मागत फिरा लागत नाई," ती म्हणाली.

सून गावातल्या शाळेत पोरांचं जेवण शिजवते. शाळेत हात धुवायच्या नळाखाली एक गवत वाढलं होतं. उंच हिरवी काडी, आणि काडीच्या टोकाला छत्रीच्या काड्यांसारखी गोल पसरलेली पानं. गुरुजी त्याला छत्रीगवत म्हणत. तिथे कधी पाणी साचत नाही, हे तिने पाहिलं होतं. तिने पाच-सात काड्या आणल्या.

मी काडी हातात घेतली आणि लगेच ओळखली. बोटांत फिरवली की तीन कंगोरे लागतात. हा लव्हाळाच. पैसे देऊन शहरात विकत असतील, अंगणाची शोभा म्हणत असतील, पण आहे लव्हाळ्याच्याच घरचा.

"हे मी जन्मभर उपटलं," मी म्हणाले. "आता घरात लावू का?"

"आई, हे बांधीतलं नव्हे."

"बांधीतलं नसन, त्याचा भाऊ असन."

जावेनेही सुनेला सोडलं नाही. म्हणाली, "लोकं गवत काढते, तू गवत लावून राह्यली. साप येतीन."

"साप कर्दळीत बी बसते, मोठीआई," सून म्हणाली.

मी दोघींचंही ऐकलं. अर्ध्या चरावर कर्दळ आणि अर्ध्यावर छत्रीगवत लावू म्हटलं. त्यात न्याय वगैरे काही नव्हता. एकीला नाही म्हटलं असतं तर ती बोलली नसती, आणि मला दोघींशी रोज काम पडतं. शिवाय कोणतं झाड जास्त पाणी पितं हे मला खरंच माहीत नव्हतं.

कर्दळ लावणं सोपं. आल्यासारखा कंद असतो, तो बोटभर खोल पुरायचा. आठ दिवसांत कोंब वर आला. छत्रीगवताची रीत उलटी. सुनेने काडीचं टोक वीतभर दांडा ठेवून कापलं, पानं कात्रीने अर्धी केली आणि ते टोक बादलीत पालथं टाकलं. डोकं पाण्यात, दांडा वर. मला हसू आलं. पण दोन-तीन आठवड्यांत त्या डोक्यातून पांढरी मुळं निघाली आणि मधून बारीक कोंब आले. मग तिने ती चराच्या कडेने लावली. होळी जवळ आली तोवर वीतभर झाली. तेव्हा त्याला छत्री नव्हती, नुसत्या हिरव्या काड्या होत्या.

आणि होळीच्या आधी मी ती सगळी उपटून टाकली.

मुद्दाम नाही. सकाळी कर्दळीखालचं तण काढायला बसले होते. माझ्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं आहे, दुसऱ्याचं व्हायचं आहे. पण निंदताना मी डोळ्याने पाहत नाही. धानाच्या बांधीत चाळीस वर्षं निंदण केलं. वाकलेलं असताना हात आपोआप चालतात. धानाची काडी गोल लागते, ती सोडायची. तीन कंगोऱ्याची लागली की उपटायची. आणि उपटलेलं तण धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, नेऊन टाकायला वेळ कोणाला असतो? मुठीत गोळा करायचं, मुरगळायचं आणि टाचेने चिखलात दाबायचं. मोथा असेल तर त्याची गाठ परत येते, तो बाहेर टाकावा लागतो. बिनगाठीचा लव्हाळा चिखलाखाली दाबला की कुजतो. त्या सकाळी मी सुनेची खिचडी आणि मुलाचं मिलमधलं काम यांचा विचार करत होते. चर संपला तेव्हा शेवटची मूठ माझ्या टाचेखाली होती. तेव्हा कळलं.

सून शाळेतून आली. मी सांगितलं, "गवत मी उपटलं."

"सगळं?"

"सगळं."

"काऊन?"

"लव्हाळा वाटला."

ती चराकडे पाहून आली. मग म्हणाली, "आता अंगणात पाट्या लावून ठेवतो. हे उपटाचं, हे नाई उपटाचं. मी पोळ्या करत असली त माह्या गळ्यातबी एक लावा."

जाऊ मात्र खूश झाली. "बरं केलं वो. मले माहीत होतं तू मनात ठेवून होती," असं तिने नळावर चार बायकांपुढे म्हटलं. म्हणजे मी सुनेची रोपं जाणूनबुजून काढली, असं गावात झालं. सुनेच्या कानावर गेलं तेव्हा ती म्हणाली, "आई, तुमाले मुद्दाम कराचं असतं त तुमी तोंडावर सांगून केलं असतं." तिने हे म्हटलं नसतं तर मला जास्त लागलं असतं.

आता सगळा भार कर्दळीवर आला. कर्दळ दिसायला चांगली वाढली. पानं हातभर रुंद, दोन दांड्यांना लाल फुलं. पण पानांत अळी झाली. अळी पान गुंडाळून आत बसते आणि खाते. मी रोज पानं उलगडून अळ्या चिरडायचे. मोहफुलांचे दिवस आले. आम्ही सगळ्या उजाडता उजाडता टोपल्या घेऊन मोहाखाली जायचो. असंच एक दिवस परत आलो तर चराची दैना झालेली. रानडुकरांनी कर्दळीचा एकूण एक कंद उकरून खाल्ला होता. पानं इकडेतिकडे पडली होती. चर फोडून डुकरं चिखलात लोळली होती, आणि न्हाणीचं पाणी आता चरात जायच्या ऐवजी सरळ भिंतीच्या पायाशी साचलं होतं.

जाऊ दारात बसली. टोपलीही खाली ठेवली नाही. खिडकीतून भासऱ्यांचा आवाज आला. लकव्याने जड झालेला आवाज, पण शब्द कळत होते. ते तिला म्हणाले, "मले दिसले न थे डुकरं. हाकलले असते, पण त्यायलेबी माहीत असन हा म्हातारा उठत नाई."

ती हसली नाही. मीही नाही.

त्या दिवशी मला भीती वाटली, हे खरं सांगते. आधी मी मनात म्हणत होते की जाऊ वाढवून बोलते. आता पाणी माझ्या डोळ्यांपुढे भिंतीला लागलं होतं. भिंत पडून माणूस गेलं तर लोक कोणाचं नाव घेतील, हा विचार आला. पण त्याहून जास्त हा आला की ते खाटेवर पडलेले आहेत, आणि त्यांना वाचवायला आधी आत जायला लागेल, आणि मी बाहेर पदर धरून उभी राहीन.

मी न्हाणीच्या भोकाला चिंध्यांचा बोळा कोंबला. त्या दिवसापासून पाणी बादलीने भरून समोरच्या बाजूला कोहळ्याच्या वेलाला नेऊन टाकायचं. सगळ्यांनी एकेक तांब्या जपून अंघोळ करायची. मुलाने चर परत बांधला, यावेळी भिंतीकडच्या बाजूने दगड बसवले. आठ-दहा दिवस मी बादल्या वाहिल्या. मग गुडघा सुजला. सून सकाळी शाळेत जायच्या आधी वाहू लागली. आम्हाला नळ आला होता तो काय परत पाणी वाहायला, असं ती एकदा म्हणाली, आणि खोटं नव्हतं.

गुडघ्याला एरंडाचं पान बांधून मी चराच्या कडेला बसून दगड सारखे करत होते, तेव्हा चिखलातून वर आलेले हिरवे झुबके दिसले. जिथे जिथे मी टाच दिली होती तिथे तिथे. डुकरांनी उलथापालथ केली होती, तरी ते मुळाशी धरून होते. मी एक काडी बोटांत फिरवली. तीन कंगोरे. यावेळी हात आवरला आणि सुनेला हाक मारली.

ती बसून एकेक झुबका पाहत गेली. "मी सात लावले होते," ती म्हणाली. "हे त अकरा हायेत."

"मुरगळताना तुटले असतीन."

"म्हणजे तुमी उपटले नाई, वाढवले."

"मी उपटलेच होते. थे मेले नाई, हा माहा दोष नाई."

त्यावर ती जी हसली ते जावेच्या घरापर्यंत गेलं. डोकं खाली करून चिखलात दाबलं की हे गवत रुजतं; सुनेने लावलेली डोकी मुळाशी होतीच, आणि मी नेमकं तेच केलं होतं. चाळीस वर्षांच्या निंदणात एवढी मोठी चूक माझ्या हातून झाली नव्हती, आणि झाली ती अशी कामाला आली.

मग बोळा काढला. आधी एका माणसाच्या अंघोळीचं पाणी सोडलं, मग दोघांचं, मग सगळं. गवत भराभर वाढलं. भर उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायचे दिवस येईपर्यंत कमरेला लागलं, आणि टोकांना छत्र्या आल्या. सकाळचं पाणी दुपारच्या आत चरातून जायचं. खड्ड्याने किती प्यायलं आणि गवताने किती, ते मी सांगू शकत नाही. पण चर कोरडा व्हायचा, हे डोळ्यांनी पाहिलं.

आता गावात कोणी विचारतं की या दोघांत काय लावावं. मी सांगते ते असं. फुलं पाहिजे असतील आणि भोवती पक्कं कुंपण असेल तर कर्दळ लावा. ती पाणीही पिते, लवकर वाढते, आणि पाहणाऱ्याला बरं वाटतं. पण तिची पानं रोज पाहावी लागतात, आणि कंद डुकराला आवडतो. ज्याच्या घरामागे जंगल आहे त्याने ती पुढच्या अंगणात लावावी. छत्रीगवताला धड फूल नाही, तपकिरी तुरा येतो, त्याला कोणी फूल म्हणणार नाही. वंदनेला त्याचा उपयोग नाही. पण त्याला अळी लागली नाही, डुकराने त्याच्याकडे पाहिलं नाही, आणि मी मुरगळून पुरलं तरी ते उठलं. फक्त बांधीच्या आसपास लावू नका, धानात शिरेल. मला निंदण जमत नाही आता, आणि दुसऱ्यांच्या पाठीचा शाप नको.

भिंत बाहेरून सुकत चालली होती. ओलीची रेघ खाली उतरली, तिच्या जागी मिठासारखं पांढरं लोण दिसू लागलं. पण आतलं मला कळत नव्हतं. जावेला विचारलं की ती म्हणायची, "आतून ओलंच हाय." रोज तेच. पावसाला थोडे दिवस राहिले होते. चंद्रपूरच्या बाजूने दुपारी ढग यायचे आणि जायचे. माझं जेवण कमी झालं. सून म्हणाली, "आई, मोठीआई खोटं बोलून राह्यली असन." मी म्हटलं, खोटं असो का खरं, पाहिल्याशिवाय कसं म्हणू?

मग एका दुपारी मी चराशी बसून वाळलेल्या छत्र्या कापत होते. जाऊ रेशनच्या दुकानात गेली होती. खिडकीतून भासऱ्यांनी विचारलं, "कोण हाय तिथी? धाकली हाय का?"

मी पदर पुढे घेतला. उत्तर दिलं नाही. इतक्या वर्षांत कधी दिलं नव्हतं.

"तुलेच बोलून राह्यलो. आत ये. भिंत पाय."

मी उभी राहिले आणि पदर आणखी पुढे ओढला.

"ये म्हणतो न. भिंत अंगावर पडली असती त तू पदर सावरत बसली असती का?"

मी पुढच्या दाराने आत गेले. चुलीपाशी थांबले, मग उंबरठा ओलांडला. खोली लहान होती. खाट भिंतीला लागून, पलीकडे पाण्याचा गुंड आणि औषधांचा डबा. भिंतीवर ओलीची जुनी रेघ होती, आणि ती खरंच माझ्या कमरेपर्यंत होती. माझ्या जावेने एक बोटभरही वाढवून सांगितलं नव्हतं. रेघेच्या खालचा रंग आता वरच्यासारखाच झाला होता.

भासऱ्यांनी डाव्या हाताच्या नखाने भिंत खरवडली. भुरभुर माती चादरीवर पडली. कोरडी.

"दहा-बारा दिवस झाले सुकली," ते म्हणाले. "तुही जाऊ तुले सांगत नाई. म्हणते, सुकली म्हटलं का धाकली पाणी पाहाचं सोडन."

मी तळहात लावला. मग हात उलटा करून लावला, कारण ओल उलट्या हाताला लवकर कळते. पायाशी वाकून तिथेही लावला. कुठेच गार चिकट लागलं नाही. साधी मातीची भिंत होती, सावलीतली भिंत असते तशी. मी खाली जमिनीवर बसले. पदर कुठे होता मला माहीत नाही.

ते म्हणाले, "बस. चहा मागू नोको, करणारी नाई हाय घरी."

"नाई पायजे," मी म्हणाले. भासऱ्यांशी मी बोललेला तो पहिला शब्द.

तेवढ्यात जाऊ तांदळाची पिशवी घेऊन आली. मला तिथे पाहून दारातच थांबली. आधी माझ्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, मग चादरीवरच्या मातीकडे.

"सांगतलं वाटते यायनं," ती म्हणाली.

"हो, बाई."

"पाणी पाहाचं सोडू नोको मात्र."

"नाई सोडत."

तिने पिशवी खाली ठेवली आणि चादर झटकली. माझ्यावर धूळ उडाली, ती मुद्दाम होती का नव्हती ते मी विचारलं नाही. घरी आले. न्हाणीत गेले, नळ सोडला आणि दोन बादल्या पाणी डोक्यावरून घेतलं, भर दुपारी, साबण लावून. कितीतरी दिवसांनी मी अंघोळ करताना पाणी कुठे जातं हे ऐकत बसले नाही.